अवधाण ओसरतं तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सांगलीला आत्याकडे होतो. वसुबारसेच्या तीन दिवस आधी माझा मुलगा अंगणातल्या फरशीवर पडला, गुडघा चांगलाच सोलवटला, आणि दोन दिवसांत त्याच्या जांघेत बोराएवढी गाठ हाताला लागायला लागली. मी घाबरले. आत्याने दोन बोटांनी ती चाचपली, दुखतंय का विचारलं आणि म्हणाली, "अवधाण आलंय. जखम भरली की ओसरेल." भाऊबीजेला दादा मुंबईहून आला तोवर गुडघ्यावर खपली धरली होती आणि गाठ शोधावी लागत होती. मुलाने विचारलं, "ती गेली कुठे?" मी म्हटलं, "बरी झाली." निरांजनाचं तबक खाली ठेवता ठेवता आत्या म्हणाली, "गाठ हा काही आजार नव्हता रे बरा व्हायला. तिच्यातल्या पेशींचं काम झालं आणि त्यातल्या बहुतेक मेल्या."

आत्या चाळीस वर्षं एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होती. माणसांच्या शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे तिचं रोजचं काम. दादा मुंबईत एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार करतो. त्या रात्री जेवणं झाल्यावर दोघांचं जे बोलणं झालं ते मी दुसऱ्या दिवशी आठवून लिहून काढलं. जिथे कळलं नाही तिथे मी मधे बोलले आहे.

दादा: उंदरांमध्ये हे नीट मोजलेलं आहे. एलसीएमव्ही नावाचा एक विषाणू आहे. त्याचा एखादा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या मारक टी-पेशी निरोगी उंदरात असतात शंभर-दोनशे. अख्ख्या उंदरात. संसर्ग झाला की आठव्या दिवशी त्यांच्या पोटच्या पेशींची संख्या एक कोटीच्या घरात जाते. तोवर विषाणू गेलेला असतो. मग पुढच्या दोनेक आठवड्यांत शंभरातल्या नव्वद ते पंचाण्णव मरतात. उरतात त्या स्मृती-पेशी. तोच विषाणू पुन्हा आला तर त्या तयारच असतात.

मी: पण मारतं कोण त्यांना?

दोघं एकदमच बोलले. आत्या म्हणाली, "फास." दादा म्हणाला, "कुणीच नाही."

आत्या: आधी माझं ऐक. फास हे एका प्रथिनाचं नाव. मराठीत ते फारच चपखल बसतं, पण तो योगायोग आहे. एफएस-७ नावाच्या पेशींवर ते सापडलं म्हणून हे नाव पडलं. १९८९ मध्ये जपानात शिन योनेहारा यांनी आणि जर्मनीत हायडेलबर्गला पीटर क्रॅमर यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी प्रतिपिंडं तयार केली की ती पेशीला नुसती चिकटली तरी पेशी मरायची. विष घालणं नाही, भोक पाडणं नाही. पेशीच्या अंगावरच अशी एक जागा आहे की तिथे हात लागला की ती स्वतःला संपवते.

दादा: १९९१ मध्ये शिगेकाझू नागाता यांनी ओसाकात त्याचं जनुक शोधलं.

आत्या: आणि पुढच्याच वर्षी उंदरांचं कोडं सुटलं. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी आहे. तिथल्या उंदरांत एक वाण होतं, एलपीआर. त्यांच्या गाठी वयाबरोबर फुगत जायच्या, पानथरी वाढायची, पुढे मूत्रपिंडं बिघडायची, कारण त्यांचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटलेली असायची. इतक्या पेशी येतात कुठून, असं वाटावं असं ते चित्र. १९९२ मध्ये नागातांच्या गटाने दाखवलं की या उंदरांत फासच मोडलेलं आहे. प्रश्न पेशी येण्याचा नव्हताच, त्या जात नव्हत्या. जीएलडी नावाचं दुसरं वाण होतं, लक्षणं हुबेहूब तीच. त्यांच्यात फास शाबूत, पण फासला जाऊन भिडणारं प्रथिन, फास-लिगँड, बिघडलेलं. एकात ऐकणारा बहिरा, दुसऱ्यात हाक देणारा मुका.

मी: ही हाक देतं कोण?

आत्या: शेजारची टी-पेशी. कधी कधी तीच पेशी स्वतःला देते. चेतलेल्या पेशीच्या अंगावर फासही येतं आणि फास-लिगँडही येतं. सुरुवातीचे काही दिवस तिला या हाकेने काही होत नाही, आत फ्लिप नावाचं प्रथिन आडवं येतं. पण नंतर तीच खूण तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिली की ती हाकेला ओ देऊ लागते. फासचे तीन रेणू एकत्र येऊन एक कडं होतं. आतल्या बाजूने त्याला फॅड नावाचं प्रथिन चिकटतं, त्याच्यावर कॅस्पेज-८ जमतात, एकमेकांना कापून जागे होतात आणि पुढच्या कॅस्पेजना जागं करतात. कॅस्पेज म्हणजे कात्र्या. पेशीचा सांगाडा, केंद्रकाचं अस्तर, सगळं ठरावीक ठिकाणी कापलं जातं. तरी पेशी फुटत नाही. ती आक्रसते, तिच्यावर बुडबुडे येतात, आवरणाच्या आतल्या अंगाची एक चरबी बाहेरच्या अंगाला येते. ती खूण पाहून भक्षक पेशी येतात आणि तुकडे गिळून टाकतात. आसपास सूज नाही, पू नाही.

इथे आत्या थोडी थांबली. मग म्हणाली की ती हे सगळं पाहत होती, कितीतरी वर्षं, पण काय पाहतोय हे तिला माहीत नव्हतं. गाठीच्या कापात बीजकेंद्रं दिसतात, त्यांत फिकट रंगाच्या मोठ्या भक्षक पेशी असतात आणि त्यांच्या पोटात गडद ठिपके. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने ते ठिपके १८८५ मध्येच लिहून ठेवले होते. विद्यार्थिदशेत तिने ते पाठ केले, परीक्षेत लिहिले. ते ठिपके म्हणजे नेमाने मेलेल्या पेशी आहेत हे तिला फार उशिरा उमगलं. त्या बी-पेशी, टी-पेशी नव्हेत, पण रीत तीच. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी स्कॉटलंडमध्ये या मरणाला अपॉप्टोसिस हे ग्रीक नाव दिलं. त्याचा अर्थ झाडाची पानं गळणं. आपल्याकडे पानगळ हा इतका सुरेख शब्द असताना पाठ्यपुस्तकांत तो का आला नाही, असं मला राहून राहून वाटतं.

दादा: आत्या, तू सांगितलंस ते सगळं खरं. पण या पोराच्या गुडघ्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आत्या: का नाही?

दादा: स्टॅफिलोकोकस जंतूचं एक विष आहे. ते उंदराला टोचलं की टी-पेशींतला एक ठरावीक गट एकदम चेततो, दोन-तीन दिवस वाढतो आणि मग झपाट्याने मरतो. आता फास मोडलेल्या उंदराला तेच टोचलं तर त्या पेशी जगायला हव्या. त्या मेल्या. साधे तीव्र संसर्ग देऊन पाहिले, तिथेही तेच. हाक ऐकू येत नव्हती तरी गर्दी ओसरली. म्हणून म्हणतो, कुणीच मारत नाही. प्रश्न उलटा धरायला हवा. चेतलेली पेशी मरते कशाने, हे विचारू नका. ती इतके दिवस जगते कशाच्या जोरावर?

मी: म्हणजे मरण हेच मूळ, आणि जगण्याला कारण लागतं?

दादा: अगदी तेच. आणि ही गोष्ट कळली ती कर्करोगातून. फॉलिक्युलर लिम्फोमा म्हणून गाठींचा एक कर्करोग आहे. त्यात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या जोडावर एक जनुक सापडलं, बीसीएल-२. तोवर माहीत असलेली कर्करोगाची जनुकं पेशींना वाढवायची, तेव्हा हेही तसंच असेल असं वाटणं साहजिक होतं. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी ते जनुक पेशींत घातलं आणि त्या पेशींना तगवणारं द्रव्य काढून घेतलं. पेशी वाढल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. कर्करोग फक्त जास्त जन्मांनी होत नाही, न झालेल्या मरणांनीही होतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आत्या: हे मला मान्यच आहे. माझंही म्हणणं तेच.

दादा: निम्मंच. पुढे ऐक. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, बाहेरच्या आवरणावर एक ओढाताण सतत चालू असते. बॅक्स आणि बॅक ही दोन प्रथिनं त्या आवरणाला भोकं पाडू शकतात. बीसीएल-२ आणि त्याचे भाऊबंद त्यांना धरून ठेवतात. तिसरं एक लहानसं प्रथिन आहे, बिम. मेलबर्नच्याच संस्थेत १९९८ मध्ये सापडलेलं. ते बीसीएल-२च्या खोबणीत जाऊन बसलं की बॅक्स आणि बॅक मोकळे होतात. भोकं पडतात आणि आतलं सायटोक्रोम-सी बाहेर गळतं. हे मला आजही थक्क करतं. सायटोक्रोम-सी म्हणजे पेशीच्या श्वासाचं प्रथिन, त्याच्यावाचून तिला ऊर्जा मिळणार नाही. तेच आवरणाबाहेर आलं की मरणाची सूचना ठरतं. १९९६ मध्ये झियाओडाँग वांग यांनी अमेरिकेत हे दाखवलं. बाहेर आलेल्या सायटोक्रोम-सीभोवती दुसऱ्या प्रथिनाचं सात पाकळ्यांचं चक्र तयार होतं, त्यावर कॅस्पेज-९ जागा होतो, आणि तिथून पुढे तुझ्याच कात्र्या.

मी: म्हणजे शेवटी दोघांच्या वाटा एकाच ठिकाणी येतात.

दादा: शेवट एक, सुरुवात वेगळी. टी-पेशी चेतते तेव्हा तिच्यातलं बीसीएल-२ घटतं, बिम मात्र असतंच. तोवर तिला तगवून धरतात ते बाहेरून येणारे संदेश, इंटरल्युकिन-२ सारखे. शत्रू संपला, संदेश आटले, पारडं फिरलं. २००२ मध्ये डेन्व्हरला फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर या दांपत्याच्या प्रयोगशाळेने बिम नसलेल्या उंदरांना तेच स्टॅफिलोकोकसचं विष दिलं. या वेळी पेशी मेल्या नाहीत. पेशींना कुणी हुकूम दिला नव्हता, आत्या. त्यांचा शिधा बंद झाला होता, एवढंच.

आत्या: शिधा बंद करणं हाही हुकूमच.

दादा: नाही. हुकूम द्यायला कुणीतरी जागं राहावं लागतं, केव्हा थांबायचं ते त्याला कळावं लागतं, आणि त्याचं चुकू शकतं. इथे कुणी राखणदारच नाही. जंतू संपणं हीच सूचना. ज्या थोड्या पेशींमध्ये इंटरल्युकिन-७चं ग्राहक प्रथिन टिकून असतं, त्यांच्यात बीसीएल-२ पुन्हा चढतं, आणि त्या पुढे वर्षानुवर्षं राहतात.

मी ऐकत होते ती दादाच्या बाजूने झुकत. काही न करता आपोआप होणाऱ्या गोष्टीत एक शहाणपण असतं. मुलाची गाठ कुणी विसर्जित केली नाही, ती उभी ठेवणारे हात निघून गेले. मी तसं बोलूनही दाखवलं. आत्या काही वेळ गप्प राहिली. मग तिने जे सांगितलं त्यानंतर मला माझं मत तितकंसं सोपं वाटेना.

आत्या: १९८३ मधली गोष्ट. सहा वर्षांची मुलगी आणली होती. मानेला दोन्ही बाजूंनी गाठी, काखेत, जांघेत. पानथरी बेंबीपर्यंत आलेली. अंगात रक्त नाही, डोळे मधूनच पिवळे व्हायचे. आपल्याकडे मानेला गाठी म्हटलं की गंडमाळा, म्हणजे टीबी. ते चूक नाही, दहातल्या कितीतरी वेळा तो टीबीच असतो. तिची एक गाठ काढून माझ्याकडे आली. मी पाहिलं तर टीबीची एकही खूण नाही. कर्करोगही नाही. बीजकेंद्रांच्या अधल्यामधल्या भागात नुसत्या टी-पेशी, खच्चून. दिसायला साध्या, निरोगी पेशी. पण इतक्या, की जागा पुरेना. मी अहवालात लिहिलं, "चेतलेली गाठ, विशेष निदान नाही." वरिष्ठांनी तरीही टीबीची औषधं सुरू केली. ती दीड वर्ष चालली. गाठी सुपारीएवढ्याही कमी झाल्या नाहीत. मग पानथरी काढायचं बोलणं सुरू झालं आणि घरचे लोक यायचे थांबले.

दादा: तू हे कधी सांगितलं नाहीस.

आत्या: सांगण्यासारखं काय होतं त्यात? कॅनाल आणि स्मिथ या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये अशी मुलं वर्णन करून ठेवली होती. मी ते वाचलेलं नव्हतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएचमधून आणि पॅरिसमधून निबंध आले. तशाच मुलांमध्ये फासचं जनुक बिघडलेलं सापडलं होतं. ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम, डॉक्टर त्याला आल्प्स म्हणतात. तो निबंध वाचून संपायच्या आत मला ती गाठ आठवली. विशेष निदान नाही! निदान अगदी समोर होतं. गाठीत काय आहे ते मी बघत होते. तिथे काय नाही ते बघायला हवं होतं. मरण नव्हतं.

मी: पण आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी जनुकं दोन असतात ना? दुसरं चांगलं असेल की.

आत्या: हाच तर घात आहे. फास तिघांच्या कड्यात काम करतं. एक प्रत बिघडली तर निम्मे रेणू चांगले, निम्मे वाईट. डोळे मिटून तीन उचल. तिन्ही चांगले निघतील याची शक्यता किती?

मी: अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा. आठात एक.

आत्या: म्हणजे बिघाड निम्मा, पण आठातली सात कडी कुचकामी. तरीही एकाच घरात तेच बिघडलेलं जनुक घेऊन भाऊ आजारी आणि बाप ठणठणीत, असंही दिसतं. ते का, हे सगळंच काही एका जनुकाने सांगता येत नाही. आज या मुलांना औषध आहे. सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांनी कॅनडात ते वेगळं काढलं. त्याने गाठी उतरतात, पानथरी उतरते. पानथरी कापून टाकली तर मात्र या मुलांना जिवावरचे संसर्ग होऊ शकतात. १९८३ मध्ये मी तिचे काप बघितले, आणि दीड वर्षाने पलीकडच्या खोलीत तीच शस्त्रक्रिया ठरत होती. तुझा शिधा, तुझं आपोआप ओसरणं मला कळतं रे. पण त्या मुलीचं बिम शाबूत असणार. मग तिच्या गाठी का ओसरल्या नाहीत?

यावर दादा लगेच काही बोलला नाही. त्याने विचारलं, गाठी कुठल्या जखमेनंतर, तापानंतर आल्या होत्या का. आत्या म्हणाली, नाही, बारमाही. मधे तिला कांजिण्या येऊन गेल्या, त्या इतर मुलांसारख्याच बऱ्या झाल्या होत्या. हे ऐकून दादा सरसावून बसला.

दादा: मग उत्तर त्यातच आहे. २००८ मध्ये एकाहून जास्त गटांनी एकाच वेळी हेच मांडलं. त्यांनी फास आणि बिम दोन्ही नसलेले उंदीर तयार केले. एकेक नसताना जे झालं होतं त्याच्या कितीतरी पट गाठी वाढल्या, आणि शरीर स्वतःवर फार लवकर उलटलं. तीव्र संसर्ग, जो येतो आणि जातो, त्यानंतरची गर्दी मुख्यतः बिम ओसरवतं. रेंगाळणाऱ्या संसर्गात मात्र फासही लागतं. कारण तिथे शत्रू जात नाही. संदेश आटत नाहीत. शिधा कधी बंदच होत नाही.

आत्या: आणि स्वतःच्या शरीराच्या खुणा तर जन्मभर संपत नाहीत.

दादा: हो. चुकून स्वतःच्याच पेशींवर उठलेली टी-पेशी कधी उपाशी राहणार नाही. तिला हाकच द्यावी लागते.

मला इथे दोघांच्या वादाचं मूळ दिसलं. दादाच्या डोळ्यांसमोर आठवडाभराचा संसर्ग होता, आत्याच्या डोळ्यांसमोर जन्मभराचा. शरीराने दोन्हींची तजवीज ठेवली आहे, आणि ती एकमेकांची नक्कल नाही: जिथे शत्रू संपतो तिथे उपास पुरतो, जिथे तो कधी संपत नाही तिथे फास लागतो. माझ्या मुलाची गाठ ओसरली ती उपासाने. त्या मुलीच्या गाठींना तेवढं पुरेसं नव्हतं.

इथे बोलणं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. आत्याने सहज विचारलं, "मग तू तुझ्या त्या पेशींचं काय करतोस? त्यांना मरू देतोस ना?"

दादा: नाही म्हणजे, तोच तर आमचा मोठा प्रश्न आहे. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, कर्करोगाची खूण ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांच्यात घालायचं आणि परत शरीरात सोडायच्या. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्या पेशी काम जोरात करतात. पण लवकर संपल्या तर आजार परतू शकतो. अमेरिकेत २०१० मध्ये उपचार घेतलेल्या दोन रुग्णांमध्ये दहा वर्षांनंतरही त्या पेशी जिवंत सापडल्या, आणि दोघांचा कर्करोग परतला नव्हता. आम्हाला तसं टिकणं हवंय. आणि आमच्या पेशींना मारतं कोण, माहितेय? बाटलीत दाटीने वाढताना आणि नंतर कर्करोगाच्या गाठीतही, फास.

आत्या: मग?

दादा: २०१९ मध्ये एनआयएचमधल्या गटाने उपचाराच्या टी-पेशींमध्ये मुद्दाम अर्धवट फास घातलं. बाहेरचा भाग आहे, आतला हुकूम पोचवणारा भाग छाटलेला. ते चांगल्या फासबरोबर कड्यात शिरतं आणि कडं निकामी करतं.

आत्याने हातातली वाटी खाली ठेवली.

आत्या: म्हणजे तिचाच आजार. तुम्ही तो मुद्दाम तयार करताय.

दादा: पेशींपुरता. ज्या उंदरांना त्या पेशी दिल्या त्यांच्यात त्या जास्त टिकल्या, कर्करोग जास्त हटला, आणि गाठी वाढल्या नाहीत, शरीर स्वतःवर उलटलं नाही. बिम त्यांच्यात होतंच ना. खाद्य संपलं की त्या मरणारच. एक कुलूप काढलं, दुसरं आहे. बीसीएल-२ची ती अदलाबदल निरोगी माणसांच्या रक्तातही सापडते, पण म्हणून त्या सगळ्यांना कर्करोग होत नाही.

आत्या: उंदीर दोन वर्षं जगतो. बारा वर्षांचं पोर साठ वर्षं जगायचं असतं. आणि आत्ताच तू म्हणालास, ज्या शत्रूच्या खुणा संपत नाहीत तिथे दुसरं कुलूप लागतच नाही. तुमच्या पेशी रक्तातल्या ज्या खुणेवर उठतात ती निरोगी बी-पेशींवरही असते. बी-पेशी रोज जन्मतात. मग शिधा कुठे संपतो?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, आणि दादालाही वाटला असावा. त्याने उत्तर दिलं, पण आधी तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

दादा: म्हणूनच काही जण हाकेची सोय बाहेरून ठेवतात. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवलं. त्यांनी टी-पेशींत कॅस्पेज-९ असा बदलून घातला होता की एक औषध दिलं की तो जागा होईल. पाच मुलांना त्या पेशी दिल्या. चौघांमध्ये त्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटल्या. औषधाच्या एका डोसने अर्ध्या तासात शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशी मेल्या, आणि त्रास थांबला.

आत्या: हे मला पटतं. हे मला त्या छाटलेल्या फासपेक्षा पटतं. मारायची सोय आधी, मग जगवायचं.

दादा: पण ज्याच्याकडे सहा महिने आहेत तो साठ वर्षांचा हिशोब मांडत नाही, आत्या. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये या उपचारांवर ठळक इशारा छापायला लावला, की दिलेल्या टी-पेशींमुळे नवा कर्करोग होऊ शकतो. तोवर २७,००० हून जास्त डोस दिले गेले होते आणि टी-पेशींचे नवे कर्करोग त्यांना कळले होते २२. मी त्या २२ जणांना विसरत नाही. पण उरलेल्यांतले किती जण त्या उपचारावाचून आज असते?

आत्या: मी थांबवा म्हणत नाही. मी म्हणते, गाठीत जे नाही ते बघायला शिका. तुमच्या अहवालात पेशी किती वाढल्या, किती टिकल्या, किती मारल्या, सगळं असतं. किती मेल्या आणि कशाने मेल्या, हा रकाना असतो का?

दादा: असतो. पण तो आम्ही अपयशाचा रकाना म्हणून वाचतो.

रात्रीचा एक वाजला होता. दादाने विचारलं, ती स्लाइड अजून आहे का. आत्याने कपाटातून लाकडी पेटी काढली आणि जुना सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला. आधी दादाने पाहिलं, मग मी. जांभळ्या ठिपक्यांचा एक पट, शेवट न लागणारा. आत्याने काच किंचित सरकवली आणि फिकट पेशींच्या पोटातले गडद ठिपके दाखवले. "ही बीजकेंद्रं. इथे बी-पेशी मरतायत, नेहमीसारख्या." मग पुन्हा सरकवली. "आणि हा मधला भाग. इथे शोध."

मी शोधलं. तिथे एकही ठिपका मला सापडला नाही.

दादा म्हणाला, इतक्या जुन्या कापातून डीएनएचे बारीक तुकडे कधी कधी मिळतात, आणि फासचा आतला भाग ज्या जनुकखंडात आहे तो लहान आहे, करून पाहता येईल. आत्याने स्लाइड पेटीत परत ठेवली.

"तिला विचारल्याशिवाय नाही," ती म्हणाली. "असली तर आता पन्नाशीला आली असेल. तिला मुलं असतील तर त्यातल्या प्रत्येकाकडे ते जनुक असण्याची शक्यता निम्मी. तिला स्वतःलाही लिम्फोमाचा धोका इतरांपेक्षा जास्त. हे तिला कुणी सांगितलेलं नसणार."

पेटीच्या झाकणावर आतून एक कागद डकवलेला होता. त्यावर स्लाइडचा क्रमांक होता आणि पुढे पेन्सिलने गावाचं नाव.

"किती लांब आहे?" दादाने विचारलं.

"चाळीस किलोमीटर."

दादाचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. त्याने फोन काढून ते परवाचं केलं.